गुन्हेगाराला शिक्षा, बळीच्या घराला काय?

पुणे शहराच्या स्मृतीत १९७६ सालचा हिवाळा आजही एका विशिष्ट भीतीच्या रूपाने शिल्लक आहे. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला विजयनगर वसाहतीत एकाच घरातील आई, वडील व मुलगा अशा तिघांचा, आणि १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरील एका बंगल्यात संस्कृत व्याकरणाचे व्यासंगी पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, दोन नातवंडे व घरातील मोलकरीण अशा पाच जणांचा खून झाला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात एकाच टोळीने एकंदर दहा माणसे मारली. मारेकरी सराईत दरोडेखोर नव्हते. कलाशिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी होते. १९७८ मध्ये सत्र न्यायालयात खटला चालला, चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या कारागृहात ती अमलात आली. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपले.

हा खटला महाराष्ट्रात ‘जोशी-अभ्यंकर खून खटला’ या नावाने ओळखला जातो. दहा बळींपैकी आठ या दोन घरांत गेले. परंतु त्या आठांतील मोलकरणीचे आडनाव खटल्याच्या नावात नाही. या दोन घरांबाहेर मारल्या गेलेल्या दोघा तरुणांचीही नावे त्यात नाहीत. मारेकऱ्यांची नावे, त्यांचे शिक्षण, त्यांच्या सवयी, त्यांचे शेवटचे दिवस यांविषयी मात्र अनेक वर्षे लिहिले आणि बोलले गेले. त्यांच्यावर चित्रपटही आले. ही तफावत केवळ लोकांच्या कुतूहलाची नाही. गुन्हा घडल्यानंतर आपली सारी यंत्रणा कोणाकडे तोंड करून उभी राहते आणि कोणाकडे पाठ फिरवते, याचेच ते प्रतिबिंब आहे.

‘का?’ या प्रश्नाचा छळ

भाऊबंदकीतून, शेताच्या बांधावरून किंवा जुन्या वैरातून झालेल्या खुनाला निदान एक पूर्वइतिहास असतो. तो समर्थनीय नसतो, पण समजू शकतो. निष्कारण हिंसेचे वेगळेपण असे की तिच्या बळीच्या आप्तांना समजून घेण्यासाठीही काही उरत नाही. १९७६च्या खुनांमागे लुटीचा हेतू होता हे न्यायालयात पुढे आले. परंतु त्या हेतूने एवढ्या माणसांच्या मृत्यूचा उलगडा होत नाही. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट आगारातून एका चालकाने एस.टी.ची बस पळवली आणि पुण्याच्या रस्त्यांवर वाट्टेल तशी हाकून नऊ जणांचे प्राण घेतले. तीसहून अधिक लोक जखमी झाले. त्या नऊ जणांचे आणि चालकाचे कसलेही वैर नव्हते. त्यांतील कोणी पाच मिनिटे उशिरा घराबाहेर पडले असते, तर ते वाचले असते. फाशीची शिक्षा योग्य की जन्मठेप, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये जन्मठेपेवर मिटला. ‘आमचाच माणूस का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

हे उत्तर नसणे समाजाला सहन होत नाही. म्हणून आसपासचे लोक कारण शोधू लागतात आणि ते बहुधा बळीच्या वागण्यात शोधतात. इतक्या रात्री बाहेर कशाला गेला होता, अनोळखी माणसाला दार का उघडले, दागिने घरात का ठेवले, एकटी का राहत होती — हे प्रश्न विचारणारे सगळेच दुष्ट असतात असे नाही. बळीची काहीतरी चूक होती असे ठरले की, ती चूक आपण करणार नाही व म्हणून आपण सुरक्षित आहोत, असा दिलासा मिळतो. पण या दिलाशाची किंमत शोकात बुडालेल्या घराला मोजावी लागते. सांत्वनाला आलेला माणूस नकळत उलटतपासणी करून जातो.

वस्तुस्थिती अशी की अशा हिंसेत बळीची निवड योगायोगाने होते. ती कोणावरही कोसळू शकते. नेमकी कोणावर, हे आधी सांगता येत नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत अशा संकटाला ‘जोखीम’ म्हणतात, आणि जोखमीवर माणसाने शोधलेला उपाय अगदी जुना आहे: ज्यांच्यावर संकट येऊ शकते त्या सर्वांनी थोडे थोडे बाजूला काढायचे आणि ज्याच्यावर ते प्रत्यक्ष आले त्याचा भार उचलायचा. आगीच्या, समुद्री वाहतुकीच्या, पिकाच्या आणि मोटारीच्या विम्यामागे हेच तत्त्व आहे. हिंसा जितकी निष्कारण, तितकी तिची जोखीम सामुदायिक; आणि म्हणून तिच्या बळींना मिळणारे साहाय्य हे दान नसून समाजावरील देणे आहे, एवढाच या विवेचनाचा मुद्दा आहे.

विसरलेली जबाबदारी

हा विचार परदेशातून आणावा लागतो असे नाही. चोरीला गेलेला माल राजाने शोधून मालकाला परत करावा आणि तो न सापडल्यास स्वतःच्या कोशातून भरून द्यावा, असा दंडक गौतम धर्मसूत्रात आहे. पेशवाईच्या काळात दख्खनच्या गावगाड्यात याचेच व्यवहारी रूप दिसते. गावात चोरी झाली की रामोशी, महार किंवा भिल्ल जागल्याने चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला तर जबाबदारी त्या गावावर. आणि चोर सापडलाच नाही तर भरपाईचा बोजा राखणदारावर व गावावर येई. त्या व्यवस्थेत गरीब जागल्याची पिळवणूक होती, हे नाकारण्याचे कारण नाही. शिवाय ती मालमत्तेपुरती होती. तथापि, रक्षणाचा अधिकार ज्याने घेतला त्याने रक्षणातील उणिवेची भरपाई करावी, हे सूत्र त्या व्यवस्थेला मान्य होते.

आधुनिक राज्यसंस्थेने रक्षणाचा अधिकार संपूर्णपणे स्वतःकडे घेतला. नागरिकाने शस्त्र बाळगायचे नाही, सूड घ्यायचा नाही, गुन्हेगाराशी परस्पर तडजोड करायची नाही. गुन्हा हा राज्याविरुद्धचा अपराध, खटल्यातील फिर्यादी पक्ष म्हणजे शासन. हे सर्व योग्यच झाले. सुडाच्या परंपरेतून समाज याच मार्गाने बाहेर पडला. परंतु या हस्तांतरात अधिकार शासनाकडे गेला आणि भरपाईचे दायित्व वाटेत गळून पडले. ज्याच्या घरात प्रेत आले, तो स्वतःच्याच खटल्यात केवळ एक साक्षीदार उरला.

कायद्याचा संथ प्रवास

पुण्यातील खटला चालला तेव्हा १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिच्या कलम ३५७ नुसार दंडाच्या रकमेतून किंवा आरोपीकडून भरपाई देववण्याचा अधिकार न्यायालयाला होता. म्हणजे भरपाई मिळण्यासाठी गुन्हेगार सापडला पाहिजे, दोषी ठरला पाहिजे आणि वर त्याच्यापाशी पैसाही असला पाहिजे. फासावर जाणारा फफूत्कारा विद्यार्थी कोणाच्या मुलांचे शिक्षण करणार होता? बळीकडे दुर्लक्ष करणे हा आपल्या न्यायव्यवस्थेचा दुबळेपणा आहे, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ मध्ये एका निकालपत्रात स्पष्टपणे नोंदवले होते.

त्यापूर्वीच न्यूझीलंडने १९६३ मध्ये कायदा करून हिंसक गुन्ह्यांच्या बळींना शासनाच्या तिजोरीतून भरपाई देण्यास आरंभ केला होता. १९६४ मध्ये ब्रिटनने तीच वाट धरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९८५ मध्ये बळींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. भारतात विधी आयोगाने १९९६ मध्ये शिफारस केली, आणि २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ संहितेत येऊन ३१ डिसेंबर २००९ पासून ते अमलात आले. जोशी-अभ्यंकर खटल्यातील फाशीनंतर सव्वीस वर्षांनी!

या कलमाचे महत्त्व सामान्य नागरिकाला पुरेसे ठाऊक नाही, म्हणून त्यातील तरतुदी येथे सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक राज्याने बळींसाठी भरपाई योजना व निधी ठेवला पाहिजे. रकमेचा निर्णय जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाने करायचा असून चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची आहे. गुन्हेगार सापडला नाही, त्याची ओळख पटली नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरीही बळी किंवा त्याचे अवलंबित अर्ज करू शकतात. जखमीला तातडीचे उपचार विनामूल्य मिळावेत, असा आदेशही प्राधिकरणाला देता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ३९६ म्हणून कायम आहे. शिवाय तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा बळीला कळवण्याचे बंधन आता पोलिसांवर आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेही बजावले की, भरपाईचा विचार करणे हे प्रत्येक फौजदारी न्यायालयाचे कर्तव्य आहे व त्याची कारणे निकालपत्रात नोंदवली गेली पाहिजेत.

म्हणजे कायदा नाही, अशी तक्रार आता करता येणार नाही. तक्रार आहे ती मोजमापाची आणि पोचण्याची.

दोन मृत्यू, दोन मापे

एक साधे उदाहरण घ्यावे. एकोणतीस वर्षांचा तरुण, महिना पंधरा हजार रुपये पगार. घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. हा तरुण विमा उतरवलेल्या मोटारीखाली सापडून मेला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मध्ये घालून दिलेल्या रीतीने हिशेब करते. भावी पगारवाढीपोटी चाळीस टक्के मिळवून दरमहा उत्पन्न एकवीस हजार; मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा जाता पंधरा हजार सातशे पन्नास; वर्षाचे एक लाख एकोणनव्वद हजार; आणि वयानुसार सतराने गुणले असता बत्तीस लाख तेरा हजार रुपये. अंत्यविधी इत्यादींच्या रकमा वेगळ्या.

हाच तरुण त्याच रस्त्यावर एखाद्या माथेफिरूच्या सुऱ्याने मेला तर? तेव्हा त्याचे वय, पगार आणि अवलंबितांची संख्या यांवर आधारलेले हे गणित त्याच्या घराला हक्काने लागू होत नाही. भरपाई योजनेच्या तक्त्यात जी मर्यादा छापली असेल तिच्यापुढे प्राधिकरण जाऊ शकत नाही. राज्याराज्यांच्या योजनांत या मर्यादा भिन्न आहेत. स्त्रियांवरील गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये तयार केलेल्या तुलनेने उदार योजनेतही जीवितहानीसाठी पाच ते दहा लाख रुपयांची तरतूद आहे. विधवेचे घरभाडे आणि मुलांची शाळेची फी दोन्ही प्रसंगी सारखीच असते. मग एका मृत्यूचे मोजमाप घराच्या गरजेवरून आणि दुसऱ्याचे छापील तक्त्यावरून का व्हावे?

याचे उत्तर एवढेच की मोटारीच्या बाबतीत समाजाने एक सामायिक थैली आधीच उभारून ठेवली आहे. प्रत्येक वाहनमालकाला त्रयस्थ व्यक्तींसाठी सक्तीने विमा उतरवावा लागतो व त्यातून बळीची भरपाई होते. ठोकर देणारे वाहन सापडलेच नाही, तर तेथेही मृत्यूची भरपाई २०२२ पासून दोन लाखांवर थांबते. यावरून सारा फरक थैली असण्यानसण्याचा आहे हे स्पष्ट व्हावे.

एका निकालात तर हे दोन मृत्यू कायद्याच्या पटावर अगदी शेजारी आले. रिक्षा पळवण्यासाठी प्रवाशांनी रिक्षाचालकाचा खून केला, अशा नागालँडमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरवले की, मुख्य हेतू वाहनचोरीचा असून खून त्याच्या ओघात घडला असेल, तर मोटार कायद्यापुरता तो ‘अपघात’ मानता येईल आणि वारसांना त्याप्रमाणे भरपाई मिळेल. वाहन नसते, तर तो केवळ खून ठरला असता आणि त्या घराच्या वाट्याला काहीच आले नसते. मारणाऱ्याच्या बाजूने जो गुन्हा असतो, तो मरणाऱ्याच्या घराच्या दृष्टीने अपघातच असतो, हे सत्य या निकालाने एका मर्यादेपर्यंत का होईना मान्य केले. ते वाहनाच्या कुंपणाबाहेर नेण्याची आता गरज आहे.

शासनाला परवडेल काय?

अर्थात येथे तिजोरीचा प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात खुनाचे २,२९५ गुन्हे नोंदले गेले. दर गुन्ह्यामागे एका कुटुंबाला सरसकट दहा लाख रुपये द्यायचे ठरवले तरी वर्षाचा खर्च सुमारे २३० कोटी रुपये होतो. २०११च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्येवर तो पसरला तर माणशी वर्षाला वीस रुपयांच्या आसपास पडतो. मोटार अपघाताच्या रीतीने प्रत्येकाचा हिशेब केला तर बोजा काही पटींनी वाढेल, हे खरे. पण तरीही तो असह्य होईल असे दिसत नाही.

भरपाईच्या लोभाने खोटे अर्ज येतील, ही दुसरी शंका. आगीच्या विम्यात माणूस स्वतःचे गोदाम पेटवू शकतो, म्हणून तेथे ही शंका रास्त आहे. खुनाच्या बाबतीत शवविच्छेदनाचा अहवाल व पंचनामा हाती असतात. तेथे लबाडीला फार थोडा वाव राहतो, आणि जो राहतो तो चौकशीने बंद करता येतो. तिसरा आक्षेप असा की, बळींकडे लक्ष वळवल्याने आरोपीचे हक्क दुबळे होतील. हा आक्षेप गैरसमजातून येतो. आरोपीला वकील, निष्पक्ष खटला आणि माणुसकीची वागणूक मिळालीच पाहिजे. विधवेच्या हाती धनादेश पडल्याने आरोपीच्या बचावाचा एकही मुद्दा कमी होत नाही. उलट, घराची चूल पेटती राहिली तर ‘लटकवा’ या एकाच मागणीत आपले सारे दुःख ओतण्याची पाळी आप्तांवर येत नाही.

पैशाच्या पलीकडले

तथापि भरपाईची रक्कम हा साहाय्याचा एक भाग झाला. खुनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत घराला ज्या गोष्टींची निकड असते, त्या बऱ्याचदा अगदी साध्या असतात. घर पंचनाम्यासाठी बंद असते, तेव्हा मुलांनी झोपायचे कोठे? शवागारातून प्रेत ताब्यात घ्यायला कोणी जायचे? भिंतीवरचे व फरशीवरचे रक्त कोणी धुवायचे? हे काम पोलीसही करीत नाहीत आणि नगरपालिकाही नाही; बहुधा ज्यांचा माणूस गेला तेच ते करतात. पुढे मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते, वारसाचा दाखला, शाळेतील मुलांची गैरहजेरी, वार्ताहरांचे कॅमेरे. आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तारखा. तारखेला जाणाऱ्या मजुराची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि साक्ष न होताच पुढची तारीख घेऊन तो घरी परततो.

या कामी संघटित प्रयत्न कसा करता येतो, याची उदाहरणे आहेत. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात १९७४ मध्ये काही नागरिकांनी पोलिसांच्या सहकार्याने बळींच्या घरी स्वयंसेवक पाठवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे त्यातून देशव्यापी संघटना उभी राहिली. आपल्याकडे टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस यंत्रणेच्या आत बसते आणि तरीही पीडितेच्या बाजूने काम करते, हा प्रयोग महाराष्ट्राने देशाला दिला. २०१३ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मनोधैर्य योजनेत बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिडहल्ला यांच्या बळींना अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनाचीही सोय केली गेली. खून किंवा गंभीर हल्ला झालेल्या घरालाही अशीच सोय हवी, हे मान्य करण्यास कोणती अडचण आहे?

शेजाऱ्यांनी व मित्रांनी काय करावे, याला मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणून निघून जाण्यापेक्षा डबा घेऊन जावे, मुलांना शाळेत पोचवावे, कागदपत्रांची एक पिशवी नीट लावून द्यावी. घटनेचा तपशील विचारू नये. सांगावासा वाटला तर ऐकावा, आणि पुनःपुन्हा सांगितला तरी ऐकावा. ‘आता विसरा’ हे शब्द टाळावेत. पहिल्या तेरा दिवसांत घर माणसांनी भरलेले असते. खरी गरज चौथ्या महिन्यात, पहिल्या दिवाळीला आणि साक्षीच्या दिवशी असते. न्यायालयाच्या बाकावर त्या बाईशेजारी दोन ओळखीची माणसे बसलेली असणे, ही लहान गोष्ट नव्हे. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था, महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांना हे काम सहज उचलता येण्याजोगे आहे. विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक आहेतच. त्यांची व या मंडळांची गाठ घालून देणारा कोणी हवा.

म्हणून तीन मागण्या शासनापुढे स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, खून व गंभीर दुखापतीचा गुन्हा नोंदवताना प्रथम खबरीच्या प्रतीबरोबरच भरपाईचा मराठीतील अर्ज पोलीस ठाण्यातच कुटुंबाच्या हाती द्यावा आणि त्याची एक प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ठाण्यानेच पाठवावी. शोकाकुल माणसाला कलम शोधत फिरायला लावू नये. दुसरी, तातडीची रक्कम पंधरवड्याच्या आत मिळावी आणि अंतिम रक्कम छापील तक्त्यावरून न ठरवता मोटार अपघाताच्या रीतीने, अवलंबितांच्या गरजेवरून ठरवावी. तिसरी, प्रत्येक तालुक्यात निदान एक प्रशिक्षित समाजकार्यकर्ता असा असावा, की जो पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत त्या घराशी संबंध ठेवील.

यांपैकी कशानेही गेलेला माणूस परत येणार नाही, आणि ‘का?’ या प्रश्नाचे उत्तरही मिळणार नाही. परंतु ज्या स्त्रीचा मुलगा किंवा नवरा कोणत्याही कारणाशिवाय मारला गेला, तिला पुढच्या महिन्याचे घरभाडे कोठून द्यावे याचे उत्तर तरी समाजापाशी असले पाहिजे. उद्या ती वेळ कोणाच्या घरावर येईल हे कोणालाच ठाऊक नाही. हे देणे सर्वांनी मिळून फेडण्यास याहून अधिक कारण लागू नये.